पुनरुत्थानकाळाचे पन्नास दिवस : रोजच्या वाचनांवर मनन कसे करावे

उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत आपण काही ना काही नेम धरतो. कोणी रोज बायबल वाचतो, कोणी एक वेळचे जेवण सोडतो, कोणी क्रूसाच्या वाटेची भक्ती चुकवत नाही. मग ईस्टरची सकाळ उजाडते, 'आल्लेलूया' गाऊन आपण घरी येतो आणि सोमवारपासून सगळे नेम सुटतात. माझ्या स्वतःच्या मननाच्या वहीत कित्येक वर्षे हेच दिसत असे : राखेच्या बुधवारापासून गुड फ्रायडेपर्यंत पाने भरलेली आणि ईस्टरनंतर थेट नाताळापूर्वीच्या आगमनकाळापर्यंत कोरी. दुःखसहनासाठी चाळीस दिवस तयारी करणारा माणूस पुनरुत्थानाला एक सकाळ देतो, ही गोष्ट मला फार उशिरा खटकली. पंचांगात मात्र पुनरुत्थानकाळ उपवासकाळापेक्षा मोठा आहे. तो पन्नास दिवसांचा आहे.

एवढा मोठा काळ कशासाठी, याचे उत्तर शुभवर्तमानांतच सापडते. पुनरुत्थित येशू समोर उभा असूनही जवळच्या माणसांना तो चटकन ओळखता आला नाही. मग्दालीया मरीयेला तो माळी वाटला, अम्माऊसच्या वाटेवर दोघे शिष्य त्याच्याबरोबर चालत राहिले तरी त्यांना तो वाटसरूच वाटला, आणि तिबिर्याच्या किनाऱ्यावर पहाटे कोण उभे आहे हे होडीतल्या शिष्यांना कळले नाही. ओळख पटायला प्रत्येकाला वेळ लागला आणि प्रत्येकाची खूण वेगळी होती : मरीयेला स्वतःचे नाव ऐकू आले तेव्हा, अम्माऊसच्या दोघांना भाकर मोडली तेव्हा, थोमाला जखमा दिसल्या तेव्हा. या काळातील रोजच्या मननाचे काम मी असेच समजतो. ज्याला आपण ओळखतो असे आपल्याला वाटते, त्याची पुन्हा नव्याने ओळख पटण्यासाठी रोज थोडा वेळ द्यायचा. खाली सांगितलेली पद्धत त्या दृष्टीने मांडली आहे.

आधी काळाची रचना समजून घ्यावी

पुनरुत्थानकाळ ईस्टरच्या रविवारी सुरू होतो आणि पेंटेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या, रविवारी संपतो. तारखा दरवर्षी बदलतात, कारण २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार हा ईस्टर मानला जातो आणि तो २२ मार्च ते २५ एप्रिल या मुदतीत कधीही येऊ शकतो. २०२६ सालचा ईस्टर ५ एप्रिलचा, म्हणून त्या वर्षीचा पेंटेकॉस्ट २४ मे रोजी. पहिले आठ दिवस, म्हणजे ईस्टरपासून पुढच्या रविवारापर्यंतचे, एकच सण समजून साजरे केले जातात. चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, प्रभूच्या स्वर्गारोहणाचा सण असतो. काही देशांत तो पुढच्या रविवारी साजरा होतो.

आता वाचनांकडे वळू. येथे मी कॅथलिक उपासनेतील क्रम धरला आहे, जो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेनंतर, १९६९ साली नव्याने ठरवण्यात आला. आपल्या मंडळीचा (चर्चचा) वाचनांचा तक्ता वेगळा असेल तर तो वापरावा. पद्धतीत काही फरक पडत नाही. वर्षभर बहुतेक वेळा पहिले वाचन जुन्या करारातून असते, परंतु या पन्नास दिवसांत त्याची जागा 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक घेते. ही प्रथा नवी नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत योहान क्रिसोस्तोम आपल्या प्रवचनात तिचे कारण सांगत होते : प्रेषितांच्या हातून घडलेली अद्भुत कामे हाच पुनरुत्थानाचा पुरावा आहे, म्हणून ईस्टरच्या पाठोपाठ ती वाचली जातात. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांतही या काळात मुख्यतः प्रेषितांची कृत्ये आणि योहानकृत शुभवर्तमान ही दोन पुस्तके वाचली जातात.

रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने बदलतात. सनाला तीनने भागावे. बाकी शून्य उरली तर ते 'क' वर्ष, एक उरली तर 'अ' आणि दोन उरली तर 'ब'. रविवारचे दुसरे वाचन 'अ' वर्षी पेत्राच्या पहिल्या पत्रातून, 'ब' वर्षी योहानाच्या पहिल्या पत्रातून आणि 'क' वर्षी प्रकटीकरणातून घेतले जाते. सोमवार ते शनिवारची वाचने मात्र दरवर्षी तीच असतात, आणि मनन करणाऱ्याला याचा फार मोठा फायदा आहे. तिसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी यंदा जो उतारा वाचला, तोच पुढच्या वर्षी त्याच गुरुवारी समोर येतो. म्हणून या काळासाठी एक वेगळी वही ठेवावी, प्रत्येक दिवसाला एक पान द्यावे, आणि दरवर्षी त्याच पानावर सन घालून दोन-चार ओळी वाढवत जाव्यात. चार-पाच वर्षांनी ते पान वाचताना एकाच वचनासमोर आपण किती वेगवेगळ्या अवस्थांत बसलो होतो हे दिसते.

आठवड्यांचा ढोबळ क्रम असा आहे. पहिल्या आठवड्यात चारही शुभवर्तमानांतील दर्शनाच्या कथा येतात. दुसऱ्या आठवड्यात निकदेमाशी झालेला रात्रीचा संवाद, म्हणजे योहानाचा तिसरा अध्याय, आणि शुक्रवारपासून सहावा अध्याय सुरू होतो, जो तिसऱ्या आठवड्याच्या शनिवारपर्यंत चालतो. चौथा आठवडा उत्तम मेंढपाळाचा. तेथून पुढे शेवटच्या भोजनप्रसंगीची येशूची दीर्घ भाषणे आणि सतराव्या अध्यायातील त्याची प्रार्थना सातव्या आठवड्याच्या गुरुवारपर्यंत पुरते. त्याच वेळी पहिल्या वाचनातून यरुशलेमेपासून रोमपर्यंतचा मंडळीचा प्रवास क्रमाने ऐकू येतो.

वेळ, जागा आणि वही

पंचवीस मिनिटे पुरतात. वेळ कोणतीही चालेल, परंतु रोजची एकच असावी, आणि बसण्याची जागाही एकच असावी. छापील बायबल वापरावे; फोनवर वाचणे सोयीचे असले तरी त्यातच निरोप येतात आणि मन तिकडे धावते. उद्याची दोन्ही वाचने, म्हणजे पहिले वाचन आणि शुभवर्तमान, आदल्या रात्री एकदा नुसती वाचून ठेवण्याची सवय फार उपयोगी पडते, कारण सकाळी मग 'पुढे काय होते' ही उत्सुकता उरत नाही आणि शब्दांकडे लक्ष जाते.

रोजचा क्रम

बाराव्या शतकातील कार्थुसियन मठाधिपती दुसरे गिगो यांनी वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशी चार पायऱ्यांची शिडी सांगितली आहे. मी तीच वापरतो, पण पुनरुत्थानकाळात दोन उतारे एकमेकांशेजारी ठेवायचे असल्याने तिच्यात थोडा बदल करतो.

सुरुवातीला दोन मिनिटे काहीही न वाचता शांत बसावे आणि पवित्र आत्म्याची साध्या शब्दांत मदत मागावी. त्यानंतर प्रेषितांच्या कृत्यांतील उतारा एकदा, नेहमीच्या गतीने वाचावा. वाचताना तीनच गोष्टी टिपायच्या : हे कोठे घडत आहे, कोण घाबरले आहे, आणि कोणाचे मन बदलले आहे. या पुस्तकात जवळजवळ प्रत्येक पानावर कोणीतरी घाबरलेले आणि कोणाचे तरी मन बदललेले सापडते, आणि बहुतेक वेळा मनन तिथूनच सुरू होते.

मग प्रतिसाद स्तोत्र मोठ्याने म्हणावे. ते घाईने उरकण्याचा मोह होतो, कारण ते दोन मुख्य वाचनांच्या मध्ये येते. पण पहिले वाचन ऐकून देवाला काय उत्तर द्यावे हे स्तोत्र आपल्याला शिकवते, म्हणून स्तोत्रातील निदान एक ओळ पहिल्या वाचनातील एखाद्या माणसाच्या तोंडी घालून पाहावी. तुरुंगातून सुटलेला पेत्र ही ओळ कशी म्हणाला असता? दगडमारानंतर उठून पुन्हा त्याच नगरात शिरणारा पौल कशी म्हणाला असता?

त्यानंतर शुभवर्तमान दोनदा वाचावे. पहिल्यांदा मोठ्याने, म्हणजे स्वतःचा आवाज कानावर पडेल असे; दुसऱ्यांदा मनात, हळू. दुसऱ्या वाचनात जेथे मन अडखळते तेथे थांबावे. अडखळणे म्हणजे आवडणेच असे नाही. एखादे वाक्य खटकते, एखादे कळत नाही, एखादे आपल्याला उद्देशून नाही असे वाटून आपण भरकन पुढे जातो. यांपैकी कोणत्याही ठिकाणी थांबता येते, आणि माझा अनुभव असा की जे वाक्य टाळावेसे वाटते तेथे थांबल्याने अधिक हाती लागते.

मग दोन्ही उतारे जोडणारा प्रश्न विचारावा, आणि या काळातील मननाचा गाभा हाच आहे : शुभवर्तमानात येशू जे बोलला, ते पहिल्या वाचनात कोणाच्या आयुष्यात घडताना दिसते? योहानाच्या शुभवर्तमानातील भाषा उंच आणि काही वेळा अमूर्त वाटते. प्रेषितांच्या कृत्यांत तीच गोष्ट रस्त्यावर, तुरुंगात आणि भांडणात घडते. दोन्ही एकत्र वाचली की भाषण जमिनीवर येते आणि घटनेला अर्थ येतो. काही दिवशी जोड चटकन दिसते, काही दिवशी दिसत नाही. दिसली नाही तर ओढून-ताणून जुळवू नये; तेवढाच प्रश्न वहीत लिहून ठेवावा.

यानंतर पाच मिनिटे प्रार्थना करावी. त्या थांबलेल्या वाक्याबद्दल येशूशी बोलावे, पुस्तक मिटून, स्वतःच्या रोजच्या बोलीत. शेवटची दोन-तीन मिनिटे काहीही न बोलता बसावे. उठण्यापूर्वी वहीत तीन ओळी लिहाव्यात : कोणते वाक्य, ते का थांबवून गेले, आणि आज त्याबद्दल काय करणार. तिसरी ओळ ठोस असावी. 'अधिक प्रेमाने वागेन' असे लिहिलेले संध्याकाळपर्यंत विसरले जाते. 'दुपारी भावाला फोन करेन' असे लिहिले तर संध्याकाळी केले की नाही हे कळते.

एक दिवस उदाहरणादाखल : तिसऱ्या आठवड्याचा गुरुवार

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते हे दाखवण्यासाठी मी माझ्या आवडीचा एक दिवस घेतो. पहिले वाचन प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातले, २६ ते ४० ही वचने. यरुशलेमेहून गज्जाकडे जाणाऱ्या निर्जन वाटेवर कूशी (आफ्रिकेतील कूश देशाच्या) लोकांची राणी कांदके हिचा खजिनदार, जो षंढ होता, रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचत आहे. आत्म्याच्या सांगण्यावरून फिलिप्प धावत रथापाशी जातो आणि विचारतो की वाचत आहात ते कळते आहे का. तो म्हणतो, कोणी मार्ग दाखवल्याशिवाय कसे कळेल? शुभवर्तमान योहान ६ : ४४ ते ५१ : पित्याने ओढल्याशिवाय कोणीही माझ्याकडे येऊ शकत नाही, आणि सर्व जण देवाने शिकवलेले होतील.

तीन प्रश्न घेऊ. कोठे घडत आहे? निर्जन वाटेवर, मंदिरापासून दूर. हा माणूस उपासनेसाठी यरुशलेमेला गेला होता आणि आता परत निघाला आहे. जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायातील नियमाप्रमाणे षंढाला प्रभूच्या मंडळीत प्रवेश नव्हता. म्हणजे इतक्या लांबून येऊनही त्याला कदाचित बाहेरच उभे राहावे लागले असेल. त्यानंतर तो रागावून पुस्तक फेकून देत नाही. परतीच्या वाटेवर तो ते मोठ्याने वाचत असतो, कारण फिलिप्पाला ते ऐकू येते. तो वाचत असलेला भाग यशयाच्या ५३व्या अध्यायातला, मेंढराप्रमाणे वधाला नेलेल्या आणि न्याय न मिळालेल्या सेवकाविषयीचा. स्वतः अन्याय सोसलेल्या माणसाने विचारलेला प्रश्न किती जवळचा आहे पाहा : संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी?

आता जोड शोधू. शुभवर्तमानात येशू 'सर्व जण देवाने शिकवलेले होतील' असे म्हणतो, तेव्हा तो यशयाच्याच ५४व्या अध्यायाचा आधार घेत असतो. खजिनदार त्याच्या अगदी अलीकडचे पान वाचत आहे. आणि तीन अध्याय पुढे गेले की यशया ५६मध्ये, षंढाने 'मी शुष्क वृक्ष आहे' असे म्हणू नये, देव त्याला आपल्या घरात पुत्र आणि कन्या यांच्याहून श्रेष्ठ नाव देईल, असे अभिवचन येते. तो माणूस त्या अभिवचनाच्या काही पाने अलीकडे थांबला होता. पिता ओढतो म्हणजे काय, हे मला त्या रथात दिसते. ओढ लागली होती म्हणून तो लांबून आला, दार बंद असूनही वाचत राहिला, आणि शिकवण्यासाठी देवाने एका माणसाला धावत पाठवले.

माझ्या वहीत त्या पानावर वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी वाक्ये आहेत. एका वर्षी मी 'कोणी मार्ग दाखवल्याशिवाय कसे कळेल' येथे थांबलो होतो आणि ज्यांनी मला वाचायला शिकवले त्यांची नावे लिहिली होती. दुसऱ्या वर्षी फिलिप्पाचे धावणे मनात राहिले, कारण त्या दिवसांत मदतीची गरज असलेल्या एका नातेवाइकाकडे जायचे मी टाळत होतो. वहीत तिसरी ओळ त्या नातेवाइकाच्या नावाने सुरू होते.

लांब भाषणांचे आठवडे

बहुतेकांचा नेम सुटतो तो तिसऱ्या आठवड्यानंतर, आणि याला कारण आहे. दर्शनाच्या कथा संपलेल्या असतात आणि रोज योहानातील भाषणाचा एकेक तुकडा समोर येतो. 'मी पित्यामध्ये आहे आणि पिता माझ्यामध्ये आहे' अशी वाक्ये वळून वळून येतात आणि काल वाचले तेच आज वाचत आहोत असे वाटते. येथे पद्धत थोडी बदलावी. सगळा उतारा समजून घेण्याचा हट्ट सोडून, वारंवार येणारा एक शब्द धरावा आणि आठवडाभर त्याच्यामागे जावे.

पाचव्या आठवड्याच्या बुधवार ते शुक्रवार द्राक्षवेलीचा अध्याय येतो. मूळ ग्रीकमध्ये 'राहणे' हे एकच क्रियापद योहान १५च्या चौथ्या ते दहाव्या वचनापर्यंत दहा वेळा आले आहे. पेन्सिलीने आपल्या बायबलमध्ये ते शब्द अधोरेखित करावेत. भाषांतरात काही ठिकाणी शब्द बदलला असेल, तरी आवर्तन कानाला जाणवते. मग त्याच तीन दिवसांची पहिली वाचने पाहावीत. बुधवार ते शुक्रवार प्रेषितांच्या कृत्यांचा पंधरावा अध्याय चालतो, आणि त्यात मंडळी कडाक्याने भांडत असते : परराष्ट्रीयांतून आलेल्या विश्वासूंची सुंता करावी की नाही? 'माझ्यामध्ये राहा', 'एकमेकांवर प्रीती करा' हे शुभवर्तमानात ऐकत असतानाच पहिल्या वाचनात मोठा वादविवाद चालू आहे, आणि तो दडपला जात नाही. पेत्र बोलतो, बर्णबा आणि पौल आपला अनुभव सांगतात, सभा गप्प बसून ऐकते, याकोब निर्णय सुचवतो, आणि पत्र लिहून माणसांच्या हाती पाठवले जाते. वेलीत राहणे याचा एक अर्थ असा, की मतभेद असतानाही उठून न जाता ऐकत बसणे. घरात किंवा मंडळीत एखादा वाद चालू असेल तर हे तीन दिवस त्यासाठीच राखून ठेवावेत.

येथे एक सूचना करतो. शुक्रवारचे वाचन ३१व्या वचनाला संपते आणि शनिवारी सोळावा अध्याय सुरू होतो. मधला वगळलेला भाग घरी जरूर वाचावा, कारण तेथे पौल आणि बर्णबा यांच्यातच योहान मार्कावरून तीव्र मतभेद होतो आणि ते वेगळ्या वाटांनी जातात. एवढी मोठी सभा निभावून नेणारी माणसे काही दिवसांनी एका सोबत्यावरून दुरावू शकतात, हे वाचल्याने मनन अधिक प्रामाणिक होते. तसेच सातव्या आठवड्यात २७व्या अध्यायातील जहाज फुटण्याचा प्रसंग रोजच्या वाचनांत येत नाही. तोही एखाद्या सुटीच्या दिवशी सलग वाचावा.

एक सावधगिरी

योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या विरोधकांना पुष्कळदा नुसते 'यहूदी' म्हटले आहे, आणि प्रेषितांच्या कृत्यांतील भाषणांत 'तुम्ही त्याला मारले' असे आरोप येतात. ही भाषणे यहूदी असलेल्या पेत्राने आणि स्तेफनाने आपल्याच लोकांपुढे केलेली आहेत. हा संदर्भ विसरून वाचल्यामुळे शतकानुशतके द्वेष पोसला गेला. येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर सरसकट ठेवता येत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्टपणे जाहीर केले. मनन करताना असे वचन आले की 'तुम्ही' हा शब्द स्वतःकडे वळवून घ्यावा. पेत्राचे भाषण ऐकणाऱ्यांनी तेच केले होते. त्यांच्या अंतःकरणाला घाव बसला आणि त्यांनी विचारले, आम्ही काय करावे?

आनंद येत नसेल तर

काहींना हे दिवस जड जातात. घरात नुकताच मृत्यू झालेला असतो, आजारपण असते, किंवा कारण न कळता मन कोरडे झालेले असते, आणि भोवती सगळे 'आल्लेलूया' म्हणत असतात. अशा वेळी उसना आनंद आणण्याची काहीही गरज नाही. पहिल्या आठवड्याच्या मंगळवारचे शुभवर्तमान रडणाऱ्या मरीयेचे आहे, आणि तिला पहिला प्रश्न विचारला जातो तो 'बाई, का रडतेस' हाच. दुसऱ्या रविवारी तिन्ही वर्षी थोमाची कथा येते, आणि त्या घराची दारे पुनरुत्थानाला आठ दिवस होऊनही बंदच होती. येशू त्या बंद दारांतून आत आला तेव्हा त्याच्या हातांवरच्या जखमा तशाच होत्या. दुःखात असलेल्या माणसाने या दोन उताऱ्यांवर आठवडाभर राहिले तरी चालेल. रोजचे नवे वाचन नुसते ऐकावे आणि मनन मात्र याच दोहोंवर करावे.

दिवस चुकले तर मागे जाऊन भरून काढू नयेत. चार दिवसांची वाचने एका बैठकीत उरकली की मननाचे ओझे होते. आजचे पान उघडावे आणि चुकलेल्या दिवसांची पाने पुढच्या वर्षासाठी कोरी सोडावीत.

कुटुंबात किंवा छोट्या गटात मनन करायचे असेल तर शुभवर्तमान दोघांनी दोन आवाजांत वाचावे, प्रत्येकाने आपल्याला थांबवणारे फक्त एक वाक्य सांगावे, आणि त्यावर कोणीही भाष्य करू नये. चर्चा हवी असेल तर ती प्रार्थना संपल्यावर करावी.

एक कथा, सहा आठवडे

रोजच्या वाचनांत एक गोष्ट अशी आहे की जी सलग वाचणाऱ्यालाच दिसते. योहानाचा एकविसावा अध्याय दोन भागांत तोडलेला आहे. पहिल्या आठवड्याच्या शुक्रवारी १ ते १४ ही वचने येतात : रात्रभर काही न मिळालेले शिष्य, जाळ्यात आलेले १५३ मोठे मासे, पाण्यात उडी टाकणारा पेत्र, आणि किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी आणि भाकर. न्याहारी होते आणि उतारा संपतो. न्याहारीनंतर येशू पेत्राला तीनदा विचारतो, 'तू माझ्यावर प्रीती करतोस काय?', तो भाग मात्र सातव्या आठवड्याच्या शुक्रवारी, पेंटेकॉस्टच्या दोन दिवस आधी येतो.

पहिल्या शुक्रवारी त्या विस्तवापाशी नीट बसावे. लोयोलाचे संत इग्नेशियस प्रसंगात स्वतः उतरून पाहण्याची जी रीत शिकवत, ती येथे वापरावी : ओल्या कपड्यांनी कुडकुडणारा पेत्र, धुराचा वास, भाजणाऱ्या मासळीचा आवाज, आणि 'आपण कोण' हे विचारायला कोणी न धजणारी शांतता. आणि मग मागे जाऊन योहान १८ : १८ वाचावे. कोळशाच्या विस्तवासाठी तेथे वापरलेला ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात याच दोन ठिकाणी येतो. पहिला विस्तव प्रमुख याजकाच्या अंगणातला, जेथे शेकत असताना पेत्राने येशूला तीनदा नाकारले. दुसरा येशूने स्वतः पेटवलेला. न्याहारी संपेपर्यंत येशू पेत्राला काहीही विचारत नाही, आधी त्याला खाऊ घालतो. त्या दिवशी वहीत एवढाच प्रश्न लिहावा की आपला पहिला विस्तव कोठे पेटला होता, कोणत्या ठिकाणी आपण ओळख नाकारली होती. उत्तर लिहायचे नाही. सहा आठवड्यांनी येणाऱ्या शुक्रवारच्या पानावर एक खूण ठेवून द्यावी.

स्वर्गारोहण ते पेंटेकॉस्ट

स्वर्गारोहणानंतरचे नऊ दिवस शिष्य, काही स्त्रिया आणि येशूची आई मरीया माडीवरच्या खोलीत एकचित्ताने प्रार्थना करत राहिले. नऊ दिवसांच्या प्रार्थनेची परंपरा याच दिवसांकडे बोट दाखवते. या दिवसांत वाचनाचा वेळ थोडा कमी करून शांततेचा वेळ वाढवावा, आणि रोज वहीतील मागची पाच-सहा पाने वाचावीत. तिसऱ्या ओळीत लिहिलेल्या गोष्टींपैकी कोणत्या घडल्या, कोणत्या राहिल्या, आणि एकच नाव किंवा एकच भीती पुन्हा पुन्हा आली आहे का, हे पाहावे. सापडेल ते पवित्र आत्म्याकडे मागण्याचे मागणे होते.

सातव्या शुक्रवारी खूण ठेवलेले पान उघडावे, पहिल्या शुक्रवारचा प्रश्न वाचावा आणि मग पेत्राला विचारलेले तीन प्रश्न स्वतःच्या नावाने ऐकावेत. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी झाला असे योहान लिहितो. तेथेच थांबावे, त्या दिवशी दुसरे काही वाचू नये.

शेवटच्या शनिवारी दोन्ही पुस्तके संपतात. प्रेषितांच्या कृत्यांत पौल रोममध्ये भाड्याच्या घरात दोन वर्षे राहून येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत करत आहे, आणि त्याच्या खटल्याचे काय झाले हे लूक सांगत नाही. शुभवर्तमानात पेत्र मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे पाहतो आणि विचारतो, याचे काय? येशू उत्तर देतो, तुला त्याचे काय, तू माझ्यामागे ये. आपण मनातल्या मनात ज्याच्याशी सतत स्वतःची तुलना करतो त्याचे नाव त्या पानावर लिहावे आणि त्या माणसासाठी प्रार्थना करावी. संध्याकाळी पेंटेकॉस्टच्या पूर्वसंध्येची उपासना सुरू होते. तिला जाण्यापूर्वी हे पान लिहून झालेले असावे.